पाचगणीच्या टाकीवरचे तीन वॉशर

सुकुमारअण्णा मगदूम म्हणजे माणूस लाखात एक, याबद्दल सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दुमत नव्हतं. लेथवर हात असा बसलेला, की मोठ्या कारखान्यांचे इंजिनिअर कुठं अडले की मुकाट स्कूटर काढून अण्णांच्या शेडपाशी यायचे. फक्त एक पथ्य पाळावं लागायचं: अण्णांची चूक अण्णांना दाखवायची नाही.

हे पथ्य एकदाच मोडलं गेलं, अठ्ठ्याऐंशी साली. बाळासो फिटर बिचारा भाबडेपणानं बोलून गेला, की अण्णा, ह्या गिअरला एक दात कमी पडलाय. अण्णांनी मशीन बंद केलं, अंगातला ॲप्रन काढून बाळासोच्या गळ्यात अडकवला, आजपासून तूच मालक म्हणाले आणि घरी जाऊन बसले ते चार दिवस. त्या चार दिवसांत त्यांनी सुंदरीबाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, आमटीला फोडणी कशी द्यावी आणि भाकरी कशी थापावी याचे धडे दिले. पाचव्या दिवशी सुंदरीबाई स्वतः शेडवर आल्या आणि बाळासोला म्हणाल्या, की बाबा, काय पाया पडायचं ते पड, पण ह्यांना इथं घेऊन ये. तेव्हापासून बाळासोनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

आणि गंमत बघा, हाच माणूस दरवर्षी एकशेचाळीस जणांची माफी मागायचा. जैनांत रीतच आहे तशी. पर्युषण संपलं की वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायची. तिला क्षमावाणी म्हणतात. कुणी समक्ष जाऊन हात जोडतं, कुणी निरोप धाडतं. अण्णांचं काम घाऊक. ते पोस्टकार्डं छापून घ्यायचे आणि वहीतल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून मोकळे व्हायचे. सांगली-मिरजेतली माणसं कार्ड वाचायची, तारेला टोचायची आणि विसरायची. अण्णाही विसरायचे.

त्र्याण्णव साली छापखानेवाल्यानं जागा पुरत नाही म्हणून वरचं 'क्षमावाणी' हे शीर्षक गाळलं आणि खालचं कमळही गाळलं. अण्णा म्हणाले, राहू दे, मजकूर महत्त्वाचा. मजकूर असा होता: 'गेल्या वर्षात आमच्याकडून कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल आम्ही अंतःकरणापासून क्षमा मागतो. आपला, सु. भ. मगदूम, मगदूम इंजिनिअरिंग वर्क्स, कुपवाड.' त्यातलं एक कार्ड पाचगणीला गेलं, आणि तिथं घोळ झाला.

पाचगणीला मुलींची एक निवासी शाळा होती. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं परदेशातून चांगली हातभर रुंद दुर्बीण भेट पाठवली होती, पण तिला उभं राहायला पाय नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्या ज्ञानदा मॅडम मूळच्या वाईच्या, आणि त्यांचे मामा सांगलीत. मामांनी अण्णांचं नाव सुचवलं. अण्णांनी जानेवारीत भरभक्कम लोखंडी स्टँड बनवला, ट्रकनं पाठवला, आणि शाळेनं तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर सिमेंटमध्ये पक्का केला. एप्रिलात मॅडमचं नम्र पत्र आलं, की दुर्बीण फिरवली की स्टँड किंचित झुकतो आणि तारा नजरेतून सटकतो. अण्णांनी उलट टपाली कळवलं, की आमचा स्टँड शंभर टक्के बरोबर असून दोष आपल्या भिंगात किंवा आपल्या ताऱ्यात असावा.

त्यावर मॅडम सहा महिने गप्प. ऑक्टोबरात हे कार्ड पोचलं आणि आठवड्याच्या आत त्यांचं चार पानी पत्र हजर. आपलं क्षमापत्र मिळालं, एप्रिलातल्या उत्तरानं मी दुखावले होते, पण आपण आपणहून चूक कबूल केलीत, असा कारखानदार विरळा, मी आपलं कार्ड वर्गात वाचून दाखवलं आणि फळ्याशेजारी लावलं आहे, वगैरे वगैरे. शेवटी लिहिलं होतं, की डिसेंबरात अमेरिकेचे अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मोठ्या दुर्बिणीची दुरुस्ती करायला जाणार आहेत. त्याच आठवड्यात आपण इकडे आलात तर मुलींना दोन्ही दुरुस्त्या शेजारी-शेजारी ठेवून शिकवता येतील.

अण्णांचा पारा असा चढला, की चहा तसाच राहिला. त्यांनी तिथल्या तिथं उत्तर लिहायला घेतलं: सदर कार्ड ही आमची धार्मिक रीत असून त्याचा स्टँडशी काडीचा संबंध नाही. सुंदरीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेऊन शांतपणे वाचला.

"म्हंजे कार्डात लिवलेलं खरं न्हाई व्हय?"

"खरं हाय गं. पण ते सगळ्यास्नी असतंय. कुणा एकाला न्हाई."

"आवं, एकशेचाळीस जणांस्नी माफी मागायची, आन् एकीनं दिली तर तिच्याशी भांडायचं? हे कुठल्या धर्मात बसतंय?"

घरात अडलं की अण्णा चपला घालून बाहेर जायचे, तसे गेले. वसाहतीला दोन फेऱ्या मारून परत आले आणि कागद फाडून टाकला. माफी खोटी म्हणावी तर धर्म आडवा येतो, खरी म्हणावी तर स्टँड वाकडा ठरतो. पंचवीस वर्षांत मगदूमांच्या फाटकातून वाकडा माल बाहेर पडला नव्हता, निदान अण्णांना तरी ठाऊक नव्हता. आणि आता पाचगणीच्या चाळीस पोरी रोज फळ्याशेजारी त्यांची कबुली वाचत होत्या. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की मी पाचगणीला जातो, पण चूक दुरुस्त करायला नव्हे. चूक नाहीच हे सगळ्यांसमोर दाखवायला. बरोबर बाळासोला घ्यायचं ठरलं, कारण स्टँडची जोडणी त्यानं केली होती. जोडणीच्या दिवशी अण्णा जयसिंगपूरला लग्नाला गेले होते.

हे ऐकल्यावर बाळासोला लगेच ताप आला. अण्णांनी त्याच्या कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाले आणि एसटीची वेळ सांगितली.

आठ डिसेंबरला, बुधवारी, दोघं पहाटे निघाले. सातारा गेलं, वाई गेली, पसरणीच्या घाटात एसटी वळणं घ्यायला लागली. अण्णा सगळ्या वाटेनं बोलत होते, की शिकलेल्या माणसांना वापरता येत नाही आणि मग ते लोखंडाला नावं ठेवतात. बाळासो खिडकीबाहेर बघत होता. त्याला घाट लागला असेल असं वाटून अण्णांनी त्याला आल्याची वडी दिली.

पाचगणीत उतरले तर वारा नुसता कापत होता. सांगलीच्या माणसाला थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करणं एवढीच माहिती. अण्णांनी एकावर एक दोन स्वेटर चढवले. बाळासोनं माकडटोपी घातली, वरून बायकोची शाल गुंडाळली, हातात स्कूटरचे जाडजूड मोजे चढवले. शाळेच्या फाटकातून हे दोघे ठुमकत आत शिरले तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मॅडमनी मुद्दाम अंतराळवीरांचा पोशाख करून यायला सांगितलंय.

ज्ञानदा मॅडम तिशीच्या, चटपटीत, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. त्यांनी गच्चीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. रविवारपासून रेडिओवर आणि पेपरात जे जे येईल ते मुली त्यावर लिहीत होत्या. अंतराळवीर यानातून बाहेर येऊन तास न् तास दुर्बिणीला लटकून काम करत होते. पहिल्याच दिवशी दुर्बिणीच्या एका कप्प्याचं दार लागेना. शेवटी पट्ट्यानं आवळून बंद करावं लागलं. यावर बाळासो पहिल्यांदा बोलला, की आमच्या ट्रकच्या फाळक्याचं तसंच असतंय, एकानं रेटायचं, दुसऱ्यानं आवळायचं. मुलींनी ते लगेच तक्त्यावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका अंतराळवीर बाईनं उन्हावर वीज बनवणाऱ्या सूर्यपट्टीचं वाकडं झालेलं भलंमोठं पान हातात धरून अलगद अवकाशात सोडून दिलं. हे ऐकून अण्णा म्हणाले, की एवढा माल टाकून दिला, भंगारवाल्याला तरी द्यायचा.

आता टाकी. टाकी गच्चीच्या टोकाला, वर सपाट स्लॅब, कठडा नाही. खाली बरोबर मोठ्या बाईंचं काचेचं रोपघर. वरून पाना निसटला तर थेट काचेतच. मॅडम म्हणाल्या, तिकडे वर अवकाशात एकही हत्यार सुटं ठेवत नाहीत, सगळं दोरीनं बांधलेलं असतं. त्यावर चार-पाच मुलींनी आपल्या वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या आणि अण्णांची सगळी हत्यारं एकेक करून बाळासोच्या मनगटांना आणि कमरेला बांधून टाकली. राखणदारानं त्याच्या कमरेला काढणी बांधून दुसरं टोक पाइपाला आवळलं. बाळासो बैलपोळ्याच्या बैलासारखा सजून शिडी चढला, मागोमाग अण्णा, त्यांच्यामागं मॅडम. मुली खाली गच्चीवर माना वर करून उभ्या राहिल्या.

दुर्बीण उतरवून सतरंजीवर आडवी ठेवली. अण्णांनी लेव्हल लावली, ओळंबा धरला, आणि स्टँड कसा सरळ उभा आहे ते मॅडमना बोट ठेवून दाखवलं. मग वरचा भाग हातानं गोल फिरवला. फिरवताना तो एका जागी कणभर दबला. अण्णांनी परत फिरवला. परत दबला. अण्णा म्हणाले, सिमेंट खचलं असेल, बाळासो, खालच्या बेअरिंगचं झाकण खोल.

बाळासो बोल्ट ढिले करत होता आणि मॅडम खाली मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात शिकवत होत्या. त्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा घासणाऱ्यांनी कसूर केली नव्हती. आरसा अगदी गुळगुळीत होता. पण घासताना ज्या उपकरणानं माप घेतलं, त्यातलंच एक भिंग सव्वा मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. भिंग नीट बसेना, फट राहिली, म्हणून जोडणाऱ्यानं तिथं साधे वॉशर घातले आणि काम पुढं ढकललं. तेवढ्यानं आख्खा आरसा चुकीच्या आकाराचा झाला, आणि तो वर गेल्यावर तारे धूसर दिसायला लागले.

अण्णा खो खो हसले. म्हणाले, एवढी शिकलेली माणसं आणि वॉशर घालतात? माझ्या शेडवर असला माणूस निघाला असता तर त्याला तिथल्या तिथं फाटकाबाहेर काढला असता.

बाळासोच्या हातातून पाना सुटला. रिबीन होती म्हणून रोपघर वाचलं. पाना टाकीच्या कडेला नुसताच हेलकावे खात राहिला. खाली मुलींनी परत टाळ्या वाजवल्या.

अण्णांनीच पुढं होऊन झाकण उचललं. वरचा भाग ज्याच्यावर फिरतो त्या शाफ्टचा बुडखा आणि बेअरिंग यांच्या मधोमध तीन जाड वॉशर बसले होते. एक गंजलेला, एक दबून वाकलेला.

"हे कुणी घातलं?"

"म्या घातलं, अण्णा," बाळासो खाली मान घालून म्हणाला. "चूक माझी हाय."

मग अण्णांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो खालच्या मुलींना शब्द न् शब्द ऐकू गेला. सोळा वर्षं मीठ खाल्लंस, नाव बुडवलंस, पाचगणीपर्यंत शोभा केलीस. बाळासो लोंबणारा पाना रिबिनीनं वर ओढत राहिला. मॅडम गोंधळल्या, आणि मग जरा नाराजीनं बाळासोला म्हणाल्या, की निदान सांगायचं तरी होतं तुम्ही. बोलता बोलता अण्णांनी खिशातून व्हर्निअर काढून ती फट मोजली. फट भरली दहा मिलिमीटर.

अण्णांनी परत मोजली. दहा म्हणजे नेमकी दहा.

चुकून पडलेली फट पावणेदहा असते, सव्वाअकरा असते. बरोबर एक सेंटिमीटर कधी नसते. एक सेंटिमीटरची चूक एकाच तऱ्हेनं होते. शेडवरच्या स्टीलच्या पट्टीचं टोक रंगाचे डबे उघडून उघडून झिजलेलं असतं. म्हणून शून्यापासून मापायचं नाही, एकच्या रेघेपासून मापायचं आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, नाहीतर माल एक सेंटिमीटर आखूड पडतो. हा धडा अण्णा नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी द्यायचे आणि विसरणाऱ्याची आठवडाभर टर उडवायचे. आणि हा शाफ्ट त्यांनी स्वतः मापून कापला होता. परदेशी दुर्बिणीचं काम म्हणून त्याला दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

त्यांनी बाळासोकडं बघितलं. बाळासोनं नजर दुसरीकडं वळवली. त्याला जानेवारीपासून ठाऊक होतं, हे अण्णांना तेवढ्यावरून कळलं.

आता खरं सांगायचं तर अण्णांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. मॅडम समोर होत्या, खाली चाळीस पोरी होत्या, फळ्याशेजारी कार्ड होतं. हे सगळे बघताहेत तेव्हा मगदूमानं म्हणायचं, की मला पट्टी वाचता येत नाही? ते खोकले, आणि नळाच्या जुन्या पाइपचा तुकडा मिळेल का म्हणून विचारलं.

पाइप मिळाला. अण्णांनी त्याची एक सेंटिमीटरची चकती कापली आणि दोन्ही तोंडं कानशीनं घासायला बसले. लेथवर दहा मिनिटांचं काम, हातानं दीड तास. घासायचं, मोजायचं, परत घासायचं. सुंदरीबाईंनी दशम्या आणि चटणी बांधून दिली होती, आणि अण्णांचा जन्माचा नेम होता, की सूर्य मावळायच्या आत जेवायचं. बाळासोनं दोनदा डबा पुढं केला. अण्णांनी मान वर केली नाही. सूर्य टेबललँडच्या मागं गेला, डबा तसाच बंद राहिला, आणि आता उद्या सकाळपर्यंत अन्न नाही हे ठाऊक असून अण्णा घासत राहिले. मनात एकच चाललं होतं, की हा बाळासो गप्प का बसलाय. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर सुटलो असतो.

अंधारून आलं तोवर चकती बसली, शाफ्ट बसला, दुर्बीण चढली. बाळासो बोल्ट आवळू लागला. मॅडमनी पश्चिमेकडं शनी शोधला आणि दुर्बीण त्याच्यावर धरली. मग ती थोडी फिरवली, परत आणली, परत फिरवली. शनी आपल्या कड्यासकट जागच्या जागी होता. त्यांनी पाच मिनिटं डोळा काढला नाही. काढला तेव्हा तो पाणावलेला होता.

"मुलींनो, मिळाला," त्या खाली ओरडल्या. "आणि एक गोष्ट तुमच्या वह्यांत लिहून ठेवा. चूक कामगाराची होती, पण मालकांनी त्याचं नाव न घेता ती स्वतःची म्हणून आपली माफी मागितली. माणसानं असं मोठं असावं."

मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. अण्णांना त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या. लाजेनं त्यांचे कान तापले. बाळासो बोल्ट आवळतच होता.

"थांबा, बाई," अण्णा म्हणाले. "तसं लिवू नका. शाफ्ट म्या कापला. एकपासनं मापलं आन् एक वजा करायचा इसरलो. ह्या गड्यानं ते तवाच ओळखलं हुतं, पण मला सांगायची सोय न्हाई. सांगितलं की मी घरी जाऊन बसतोय. म्हणून त्यानं वॉशर घालून माझी अब्रू झाकली. आन् तुमच्या ताऱ्याला दोष दिला, तो पण मीच."

अण्णा गुडघ्यांवरून तसेच पुढं सरकले आणि बाळासोपाशी जाऊन त्यांनी हात जोडले. एकशेचाळीस कार्डांच्या यादीत बाळासोचं नाव कधी नव्हतं. यादी गिऱ्हाइकांची होती.

"बाळासो, माझं चुकलं. मला माफ कर."

बाळासोचा चेहरा पांढराफटक पडला. सोळा वर्षांत अण्णांच्या तोंडून त्यानं हे ऐकलं नव्हतं, आणि मालक कामगाराला असं कधी बोलतो याचा तो जिवाच्या करारानं विचार करू लागला. मग त्यानं पाना खाली ठेवला, डोक्यावरची माकडटोपी काढून हातात घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं,

"कामावरनं काढताय व्हय मला, अण्णा?"

अण्णांनी त्याच्या हातातली टोपी घेतली आणि परत त्याच्या डोक्यात घातली, कान नीट झाकले जातील अशी खाली ओढली. "न्हाई रं गड्या, न्हाई," एवढंच ते म्हणाले, आणि मग त्या मॅडमसमोर, त्या चाळीस पोरींच्या देखत, त्यांना रडू आवरेना.